विश्लेषण : मीठ सोसणारा भात तयार होतो कसा? आणि वाण असूनही खारेपाट ओसाड का?

किनारपट्टीवरील खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या वाणांवर देशात अनेक दशके संशोधन सुरू आहे. पनवेल, जुने गोवे, केरळ, सुंदरबन येथील केंद्रांनी असे वाण दिले आहेत. आता जनुक संपादित भाताची त्यात भर पडली आहे. तरीही कोकणातील खारभूमीचे तुकडे दरवर्षी पडीक होत आहेत. हे वाण नेमके काय करू शकतात, त्यांची मर्यादा कुठे संपते आणि तिथून पुढे काय लागते, याचा हा आढावा.

खारेपाटात नेमके काय बिघडले?

मुंबई-गोवा महामार्गावरून वडखळला अलिबागकडे वळले की धरमतरच्या खाडीपलीकडे सपाट जमिनीचा पट्टा सुरू होतो. हा खारेपाट. पिढ्यान्पिढ्या खाडीला मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, आतल्या जमिनीतील मीठ पावसाने धुऊन काढायचे आणि त्यावर भात घ्यायचा, अशी ही शेती. याच पट्ट्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरोधात १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप केला आणि जमिनी ओसाड ठेवल्या. तेव्हा जमीन पडीक ठेवणे हे शेतकऱ्यांचे हत्यार होते. आज याच भागात अनेक शिवारे ओसाड आहेत, पण ती शेतकऱ्यांच्या इच्छेने नाहीत. बांध फुटला, उधाणाचे पाणी आत आले, मीठ मातीत मुरले आणि पुढच्या वर्षी पेरणी झाली नाही, अशी ती साखळी आहे. दोन-तीन वर्षे शेत असेच राहिले की तिथे तिवरे उगवतात आणि शेती पुन्हा सुरू करणे आणखी अवघड होते.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या काठाने कमी-अधिक प्रमाणात हेच चित्र आहे. गोव्यात अशा जमिनींना खाजण म्हणतात आणि त्यांचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानले जाते. कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात क्षारबाधित जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. त्यापैकी साडेबारा लाख हेक्टरच्या आसपास जमीन किनारपट्टीवर आहे.

समुद्राच्या पाण्यावर भात पिकतो, हे खरे का?

‘चीनने समुद्राच्या पाण्यावर भात पिकवला’ असे सांगणारे व्हिडीओ समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्यामागे खरे काम आहे. संकरित भाताचे जनक मानले जाणारे युआन लाँगपिंग यांच्या गटाने छिंगदाओ येथे मीठ सोसणाऱ्या भाताच्या चाचण्या घेतल्या आणि २०१७ मध्ये त्यांची मोठी चर्चा झाली. पण तिथे वापरलेले पाणी थेट समुद्रातले नव्हते. ते गोड्या पाण्यात मिसळून सौम्य केलेले होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. त्या चाचण्यांतील पाण्यात ते लिटरला सुमारे सहा ग्रॅम होते. भातासाठी सहा ग्रॅमसुद्धा फार आहे, त्यामुळे ते यश मोठेच. मात्र निव्वळ समुद्राच्या पाण्यावर भरघोस पीक देणारा भाताचा वाण आज जगात कुठेही शेतकऱ्याच्या हातात नाही.

मीठ भाताला काय करते?

मिठाचा मारा दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा पाण्याचा. मुळाभोवतीच्या ओलाव्यात मीठ जास्त झाले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते. शेतात पाणी उभे असते, पण रोप तहानलेले राहते. पाने आकसतात, वाढ खुंटते. हा परिणाम काही तासांत दिसू लागतो.

दुसरा टप्पा सोडियमचा. पाण्याबरोबर सोडियम वर चढतो आणि पानांत साठत जातो. पेशींमधील अनेक क्रियांना पोटॅशियम लागतो. सोडियम रासायनिकदृष्ट्या त्याच्यासारखाच असल्याने तो पोटॅशियमची जागा अडवतो, पण त्याचे काम करत नाही. मग जुन्या पानांचे शेंडे पांढुरके पडून करपतात आणि पुढे पान वाळते. रोपाची नवी पाने येण्याचा वेग जुनी पाने मरण्याच्या वेगापेक्षा कमी झाला की रोप जगत नाही.

भाताचा सोशिकपणा सगळ्या वयात सारखा नसतो. बी रुजताना आणि फुटवे येताना तो बराच तग धरतो. रोप दोन-तीन पानांचे असताना आणि पुढे पोटरी ते फुलोरा या काळात मात्र तो नाजूक असतो. रोपावस्थेत मीठ वाढले तर रोपेच मरतात. फुलोऱ्यात वाढले तर पीक उभे दिसते, पण लोंबीत पोचट दाणे निघतात. कोकणात मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जुलैत मोठी उघडीप मिळाली, की धुतलेले मीठ पुन्हा वर येते. नेमकी तेव्हा रोपे कोवळी असतात.

किती मीठ म्हणजे जास्त?

माती किती खारट आहे हे तिच्या विद्युत वाहकतेवरून ठरवतात. पाण्यात मीठ जितके जास्त, तितका त्यातून वीजप्रवाह सहज जातो, एवढे साधे त्यामागचे तत्त्व आहे. हे मोजण्याचे एकक डेसीसायमन प्रति मीटर. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ च्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त मानली जाते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते.

सर्वसाधारण भाताची सहनशक्ती ३ पर्यंतच असते, म्हणजे लिटरला साधारण दोन ग्रॅम मीठ. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असे जगभर वापरले जाणारे ढोबळ सूत्र आहे. समजा, चांगल्या जमिनीत गुंठ्याला ४० किलो भात येतो. वाहकता ६ झाली तर घट ३६ टक्के, म्हणजे हाती येतात सुमारे २५ किलो. ती ८ झाली तर घट ६० टक्के आणि भात १६ किलो. ११ च्या पुढे जवळपास काहीच नाही. बियाणे, मजुरी, नांगरणी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे पीक पूर्ण जाण्याच्या बरेच आधी शेतकऱ्याचा हिशेब तोट्यात जातो.

मीठ सोसणाऱ्या वाणाचे काम हा उतार सौम्य करण्याचे आहे. तोच वाण गोड्या जमिनीत अधिक पिकतो, खाऱ्या जमिनीत कमीच पिकतो. फक्त इतर वाण जिथे हात टेकतात, तिथे तो पदरी काहीतरी टाकतो.

काही जातींना हे जमते कसे?

केरळमधील एर्नाकुलम, अलप्पुळा आणि त्रिशूर जिल्ह्यांतील पाणथळ किनाऱ्यावर ‘पोक्कली’ हा भात शेकडो वर्षे घेतला जातो. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच शेतात खाडीचे पाणी घेऊन कोळंबी, असे तिथले चक्र आहे. २००८ मध्ये पोक्कलीला भौगोलिक मानांकन मिळाले. बंगालच्या सुंदरबनातील ‘नोना बोकरा’ हा असाच दुसरा प्रसिद्ध भात. जगभरातील क्षारसहनशील भात संशोधनाचा पाया या दोन भारतीय जातींवर उभा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

या जाती काय करतात? मुळातून शोषलेले पाणी नलिकांमधून पानांकडे जाते. या नलिकांच्या कडेला असलेल्या पेशी वर जाणारा सोडियम वाटेतच काढून घेतात. इमारतीच्या मुख्य जलवाहिनीवर तळमजल्यालाच गाळणी बसवावी, तसा हा प्रकार. वरच्या मजल्यावर, म्हणजे कोवळ्या पानांत, पाणी पोहोचते पण सोडियम कमी पोहोचतो. या कामाशी निगडित एक जनुक २००५ मध्ये नोना बोकरामधून नेमकेपणाने ओळखले गेले. ते भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर आहे.

त्याच भागाचा शोध पोक्कलीमार्गेही लागला होता. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इरी’ने, पोक्कलीचा ‘आयआर-२९’ या अतिशय नाजूक वाणाशी संकर केला. त्यांच्या संततीचा अभ्यास करताना पहिल्या गुणसूत्रावरील एक पट्टा रोपावस्थेतील सहनशक्तीशी जोडलेला आढळला. त्याला ‘सॉल्टॉल’ असे नाव पडले. या संकरातून निघालेला ‘एफएल-४७८’ हा बुटका वंश आज अनेक देशांत दाता म्हणून वापरला जातो.

सॉल्टॉल म्हणजे जादूची किल्ली मात्र नव्हे. त्याचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत होतो. फुलोऱ्यातील सहनशक्ती वेगळ्या जनुकांवर अवलंबून असते आणि ती अनेक आहेत. आलेला सोडियम पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवणे, जुन्या पानांत तो साठवून नवी पाने वाचवणे, झपाट्याने वाढून त्याची तीव्रता कमी करणे, अशा अनेक युक्त्या एकत्र आल्या तरच वाण शेतात टिकतो.

मग पोक्कलीच का लावू नये?

कारण पोक्कली ज्या परिस्थितीसाठी घडला, ती सगळीकडे नाही. तो पुरुषभर आणि त्याहूनही उंच वाढतो, खत दिले की लोळतो आणि उत्पादन कमी देतो. दाणा जाड आणि तांदूळ लाल. आवडीने खाणारे तो शोधून खातात, पण मोठ्या बाजारात त्याला उठाव नाही. कोकणातील आणि गोव्यातील जुन्या खाऱ्या जातींचीही थोड्याफार फरकाने हीच कथा आहे. म्हणून पैदासकारापुढचा प्रश्न असा असतो : सहनशक्ती जुन्या जातीची हवी, पण उंची, उत्पादन, कालावधी आणि दाणा नव्या वाणाचा हवा. हे जुळवायचे कसे?

नवा वाण तयार करण्याची प्रक्रिया काय असते?

भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात आणि फूल उमलता उमलता स्वपरागीकरण होऊन जाते. त्यामुळे संकर करायचा तर फूल उमलण्याआधी त्यातील परागकोश बारीक चिमट्याने किंवा शोषण यंत्राने काढून टाकावे लागतात. मग त्यावर दुसऱ्या जातीचे पराग झटकायचे आणि लोंबीला कागदी पिशवी बांधायची. एका लोंबीतून मोजकेच दाणे मिळतात.

पहिल्या पिढीत दोन्ही पालकांचा वाटा निम्मा-निम्मा असतो. आपल्याला उत्तम वाण जवळपास जसाच्या तसा ठेवून त्यात पोक्कलीचा फक्त एक तुकडा हवा असतो. म्हणून संततीचा पुन्हा त्याच उत्तम वाणाशी संकर करतात. उत्तम वाणाचा वाटा मग सरासरी ७५ टक्के होतो. पुढच्या फेरीत साडेसत्त्याऐंशी आणि त्यापुढच्या फेरीत जवळपास ९४ टक्के. प्रत्येक फेरीत हवा तो तुकडा हरवला नाही ना, हे तपासावे लागते. पूर्वी त्यासाठी प्रत्येक पिढी खाऱ्या पाण्यात वाढवून बघावी लागे. आता रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन डीएनएवरील खुणा, म्हणजे ‘मार्कर’, वाचतात. शेकडो रोपांतून नेमकी हवी ती रोपे आठवडाभरात निवडता येतात. शिवाय हव्या जनुकाला चिकटून आलेले नको ते गुण, जसे की अवाजवी उंची, कुठे तोडायचे हेही कळते.

पुढची पायरी चाळणीची. रोपांना पोषक द्रावणात वाढवून त्यात वाहकता १२ पर्यंत जाईल इतके मीठ घालतात. शेजारी एका बाजूला पोक्कली आणि दुसऱ्या बाजूला आयआर-२९ तुलनेसाठी लावलेले असतात. आयआर-२९ मेला आणि पोक्कली हिरवा राहिला, की चाचणी योग्य झाली असे मानतात. मग प्रत्येक वंशाला १ ते ९ गुण देतात. यात कमी गुण चांगले.

शेवटी शेत. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पांतर्गत किनारी खाऱ्या जमिनींसाठी स्वतंत्र चाचण्या होतात. वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या वर्षी, स्थानिक वाणाच्या शेजारी लावून तुलना केली जाते. प्रयोगशाळेतील ट्रेमध्ये मीठ सगळीकडे सारखे असते. शेतात मात्र ते दहा पावलांवर बदलते, पाऊस पडला की उतरते आणि उघडीप मिळाली की चढते. त्यामुळे ट्रेमधले अनेक विजेते शेतात मागे पडतात. पारंपरिक पद्धतीने संकरापासून अधिसूचनेपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. मार्करमुळे हा काळ कमी होतो, पण शेतातील चाचण्यांना पर्याय नाही.

कधीकधी सहनशक्ती लांबच्या नातेवाइकाकडून आणावी लागते. भारत-बांगलादेशच्या किनाऱ्यावर खाडीच्या पाण्यात वाढणारा एक रानटी भात आहे. तो पानांवरील सूक्ष्म ग्रंथींमधून मीठ बाहेर टाकतो. लागवडीच्या भाताशी त्याचा संकर जवळजवळ अशक्य मानला जात असे. ‘इरी’च्या शास्त्रज्ञांनी सुमारे ३४ हजार संकर केले. त्यातून तीन भ्रूण हाती लागले आणि एकच वाढला. २०१३ मध्ये हे यश जाहीर झाले. या एका रोपातून शेतकऱ्याच्या उपयोगाचा वाण घडवणे हे त्यापुढचे लांबलचक काम.

कोकण आणि गोव्यासाठी कोणते वाण आहेत?

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे. ‘काळा रता १-२४’ आणि ‘भुरा रता ४-१०’ या स्थानिक जातींमधून निवडलेल्या वाणांवर इथले सुरुवातीचे काम उभे राहिले. पुढे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ आणि ‘पनवेल-३’ हे वाण आले. पनवेल-१ च्या वंशावळीत एका बाजूला हरितक्रांतीचा बुटका ‘आयआर-८’ आणि दुसऱ्या बाजूला आपला भुरा रता आहे. काळा रता ही जात परदेशी संशोधनातही क्षारसहनशील दाता म्हणून वापरली गेली आहे.

गोव्याच्या खाजणांत ‘कोरगुट’ हा लाल तांदळाचा भात पूर्वापार घेतला जातो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून ‘गोवा धान-१’ आणि ‘गोवा धान-२’ हे वाण दिले. त्यांच्यानंतर ‘गोवा धान-३’ आणि ‘गोवा धान-४’ आले.

वाणाबरोबर लागवडीच्या रीतीही महत्त्वाच्या आहेत. खारेपाटात काही ठिकाणी मोड आणलेले बी थेट फेकून पेरतात. लावणी करायची असेल तर रोप थोडे जास्त वयाचे घेणे आणि एका चुडात नेहमीपेक्षा जास्त काड्या लावणे, ही खाऱ्या जमिनीसाठीची नेहमीची शिफारस आहे. थोराड रोप मीठ अधिक सोसते आणि काही काड्या मेल्या तरी चूड रिकामा पडत नाही.

चांगला वाणही फसू शकतो का?

बांगलादेशचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे किनाऱ्यावरील क्षारबाधित क्षेत्र १९७३ मध्ये सुमारे ८ लाख ३३ हजार हेक्टर होते. ते २००९ पर्यंत साडेदहा लाखांवर गेले. २००७ मध्ये ‘ब्री धान-४७’ हा मीठ सोसणारा वाण आला. सहनशक्ती चांगली, उत्पादनही चांगले. पण पीक तयार झाले की दाणे लोंबीतून झडत. कापणी, भारे बांधणे, वाहतूक या साऱ्यात दाणा जमिनीवर सांडू लागला आणि शेतकऱ्यांनी हात आखडता घेतला. पुढच्या वाणांमध्ये हा दोष दूर करण्यावर भर द्यावा लागला. मिठाच्या परीक्षेत पहिला आलेला वाण खळ्यावर नापास झाला, असा हा धडा.

दुसरा धडा सुंदरबनचा. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने तिथले बांध फुटले आणि खारे पाणी शेतात घुसले. शेतकरी जुन्या खाऱ्या जातींचे बियाणे शोधू लागले, तेव्हा ते बहुतेक घरांतून केव्हाच गेलेले होते. जास्त उत्पादन देणाऱ्या वाणांनी त्यांची जागा घेतली होती. देशी वाण जपणाऱ्या मोजक्या बीजबँकांकडे ते थोडेफार उरले होते. जुनी जात शेतातून गेली की शेतकऱ्याचा आधार जातो आणि पैदासकाराचा कच्चा मालही जातो.

जनुक संपादित भाताचे काय?

मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातील ‘पुसा डीएसटी राइस-१’ हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केला आहे. ‘एमटीयू-१०१०’ हा लोकप्रिय वाण घेऊन त्यातील ‘डीएसटी’ नावाचे जनुक क्रिस्पर तंत्राने निष्क्रिय केले आहे. हे जनुक पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटण्याच्या क्रियेला आडकाठी करते. ती आडकाठी निघाली की पानातून पाणी कमी जाते आणि रोप दुष्काळ व क्षार दोन्ही अधिक सोसते, असे त्यामागचे शास्त्र आहे. खाऱ्या आणि विम्ल जमिनींत मूळ वाणापेक्षा सुमारे साडेनऊ ते तीस टक्के अधिक उत्पादन मिळाल्याचा सरकारचा दावा आहे.

यात बाहेरचे जनुक अंतिम रोपात राहत नाही. म्हणून २०२२ च्या सरकारी निर्णयानुसार अशा वाणांना जीएम पिकांसाठीच्या कठोर जैवसुरक्षा नियमांतून सूट आहे. जीएम पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी या सुटीवर आणि चाचण्यांच्या आकडेवारीवरही आक्षेप घेतले आहेत. कोकणच्या दृष्टीने खरा प्रश्न त्याहून साधा आहे. हा वाण आपल्या खाड्यांच्या काठी, आपल्या पावसात, पनवेलच्या वाणांशेजारी लावून किती देतो? त्याचे उत्तर इथल्याच शेतात मिळेल.

मग बांधांचे काय?

इथे वाणाची हद्द संपते. कोकणात जून ते सप्टेंबर इतका पाऊस पडतो, की बांध शाबूत असेल आणि पाण्याचा निचरा नीट होत असेल तर वरच्या थरातील मीठ दरवर्षी धुऊन जाते. पावसाळा संपला की ऊन वाढते, जमिनीतील ओल वर चढते आणि मीठ पृष्ठभागावर येते. मे महिन्यात ते सर्वाधिक असते. म्हणजे खारभूमीतील भात हा पावसाने चार महिन्यांसाठी दिलेल्या सवलतीवर पिकतो. मीठ सोसणारा वाण या सवलतीतील चढउतार सांभाळतो. उधाणाच्या भरतीचे पाणी थेट शेतात आले तर तो काहीही करू शकत नाही.

ही सवलत टिकवते ती बांध आणि उघाडी. उघाडी म्हणजे बांधातील एकदिशा दरवाजा. ओहोटीला तो आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतो आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होतो. ना मोटर, ना वीज. गोव्यात याला मानस म्हणतात. फळ्या कुजल्या, गाळ साचला किंवा कोणी मासळीसाठी तो उघडा ठेवला की ही सारी यंत्रणा उलटी फिरते. बांधाला खेकड्याच्या बिळाएवढे भोक पडले तरी दोन-चार उधाणांत त्याची खांड होते.

रायगडात पूर्वी बांधांची देखभाल गावकरी ‘जोळ’ पद्धतीने सामूहिक श्रमातून करत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही जबाबदारी शासनाकडे येत गेली. बांध सरकारी झाले, तशी गावाची रोजची नजर हटली. पूर्वी फावडे घेऊन संध्याकाळपर्यंत बुजवले जाणारे भोक आता अंदाजपत्रक आणि निविदेची वाट पाहते. भरती मात्र दिवसातून दोनदा येते.

त्यात तिवरांचा पेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई आहे आणि ती योग्यही आहे, कारण बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर अडवून बांधच वाचवतात. पण बांध फुटल्यावर सातबारावर भातशेती असलेल्या जमिनीत तिवरे उगवली, की ती साफ करून शेती पुन्हा सुरू करणे कायद्याच्या कचाट्यात सापडते. म्हणून खांड पहिल्याच हंगामात बुजवणे हाच त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

समुद्रही थांबलेला नाही. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली. आकडा छोटा वाटतो. पण बांधाची उंची उधाणाच्या हिशेबाने ठरलेली असते, तिथे काही सेंटीमीटरनेही पाणी माथ्यावरून येते की नाही हे ठरते.

शेतकऱ्याने आणि यंत्रणेने काय करावे?

पहिले काम माती तपासण्याचे. एकच नमुना पुरत नाही. एक मेच्या अखेरीस आणि एक पेरणी-लावणीच्या तोंडावर, असे दोन नमुने घेतले तर पाऊस किती मीठ धुतो ते कळते. मृदा आरोग्य पत्रिका वाचताना एक सावधगिरी हवी. पत्रिकेतील वाहकता बहुधा माती पाण्यात कालवून मोजलेली असते, तर वर दिलेली ३ आणि ४ ची मर्यादा संपृक्त अर्काची आहे. पहिल्या पद्धतीत मीठ सौम्य होत असल्याने आकडा कमी येतो. पत्रिकेवर दीड दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. कृषी विज्ञान केंद्रात किंवा पनवेलच्या केंद्रात आकड्याचा अर्थ विचारून घ्यावा.

दुसरे काम बियाण्याचे. वाण अधिसूचित झाला तरी पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांतून बियाणे वाढते, तेव्हा ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. मोजक्या तालुक्यांपुरती मागणी असलेल्या वाणात बियाणे कंपन्यांना रस नसतो. भात स्वपरागित असल्याने शेतकरी गट चांगल्या शेतातील निवडक लोंब्यांचे बियाणे राखू शकतात आणि दर तीन-चार वर्षांनी शुद्ध बियाणे आणून ते बदलू शकतात. खारेपाटातील गावांसाठी असे बियाणे गट उभे करणे हे नवा वाण शोधण्यापेक्षा कमी खर्चाचे काम आहे.

तिसरे काम बांधाचे. शास्त्रज्ञांनी दहा वर्षे खपून दिलेला वाण वाहकता सहा-आठपर्यंतच्या शेतात अर्धे-पाऊण पीक वाचवू शकतो. एका उघाडीची कुजलेली फळी तेच शेत त्याच्या आवाक्याबाहेर नेते. पावसाळ्याआधी ती फळी बदलली गेली की नाही, याची नोंद बहुतेक गावांत कुठेच होत नाही. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला लागली, तर खारेपाटात पुढच्या वर्षी किती भात लागेल याचा अंदाज मे महिन्यातच बांधता येईल.